प्रोलॉग ठेवायचा की उडवायचा? १४ पानांच्या उधारीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ४०० पानांची फॅन्टसी कादंबरी लिहून झाली आहे. सुरुवातीला १४ पानांचा प्रोलॉग, म्हणजे पहिल्या प्रकरणाआधी येणारा गोष्टीचाच तुकडा आहे, त्यात ८०० वर्षांपूर्वीचं नऊ खोऱ्यांचं युद्ध. पाच जणांना खर्डा वाचायला दिलात, तिघांनी सांगितलं की प्रोलॉग नुसता चाळला आणि सरळ पहिल्या प्रकरणावर गेलो. एक मैत्रीण तर म्हणाली, "मी प्रोलॉग वाचतच नाही, कुठल्याच पुस्तकाचा." आता तो काढून टाकावा असं तुमच्या मनात आहे, पण काढला तर २२व्या प्रकरणात नदी उलटी का वाहते हे कुणाला कळणार नाही. सोबत कादंबरीचा सारांश आणि प्रोलॉगची शेवटची चार पानंही तुम्ही जोडली आहेत. ती पानं वाचली, त्यांच्याकडे शेवटी येतो.

गेली वीस-बावीस वर्षं मी प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचतो, संपादन करतो. पूर्वी ढीग ऐतिहासिक कादंबऱ्यांचा असायचा, हल्ली त्यात फॅन्टसीही येते, आणि फॅन्टसी आली की बहुतेक वेळा प्रोलॉग येतोच. त्यामुळे हे भांडण माझ्या टेबलावर नेहमीचं. माझं मत आधीच सांगून टाकतो. वाचकांचा प्रोलॉगवरचा राग हा ओळख व्हायच्या आत उधार मागणाऱ्या माणसावरचा राग असतो. "हे नाव लक्षात ठेवा, हा तह लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल," असं तुम्ही अनोळखी माणसाला म्हणताय. त्याने ठेवलंच लक्षात, तर फेड कधी होणार याची थोडी तरी चाहूल त्याला लागायला हवी. तुम्ही पहिल्या पानावर घेतलेली उधारी २२व्या प्रकरणात फेडता. मधे जवळजवळ ३०० पानं आहेत.

त्याआधी एक क्षुल्लक वाटेल अशी गोष्ट, पण तुमचे काही वाचक तिनेच गळाले असतील. त्या भागाला तुम्ही शीर्षक दिलंय 'प्रस्तावना'. इंग्रजी फॅन्टसी वाचणाऱ्याला प्रोलॉग हा गोष्टीचाच भाग हे ठाऊक असतं. मराठी पुस्तकात प्रस्तावना म्हणजे कुणा ज्येष्ठ साहित्यिकाने लिहिलेली दहा-पंधरा पानं, आणि त्यांत बरेचदा कथानकही फोडलेलं असतं. अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, मनोगत, प्रस्तावना हा सगळा ऐवज ओलांडून गोष्टीपाशी पोचायची सवय आपल्या हाताला शाळेपासून लागलेली आहे. एकदा एका हस्तलिखितात मी दुसरं काही न बदलता फक्त 'प्रस्तावना' खोडून 'गढीवर, आश्विन अमावास्या' एवढं लिहिलं आणि दोन नव्या वाचकांना दिलं. दोघांनीही ती पानं वाचली. दोन माणसांवरून सिद्धांत होत नाही, मान्य. पण खोडायला काही खर्चही येत नाही. 'पूर्वरंग' म्हणाल तर कीर्तनातलं निरूपण आठवतं, 'नांदी' अग्रलेखांनी झिजवून टाकली आहे. स्थळ आणि वेळ लिहावी हे मला बरं वाटतं.

आता त्या मैत्रिणीबद्दल. प्रोलॉग वाचायचाच नाही असं ठरवलेली माणसं खरोखर असतात, पण त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका, वाचण्यावर जा. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण हा शुद्ध प्रोलॉग आहे. नायक तान्हा, बोलणारी सगळी मोठी माणसं, आणि प्रकरण संपताच मधे दहा वर्षांची उडी. वर 'प्रकरण १' लिहिलंय म्हणून ते कुणी गाळल्याचं मी ऐकलेलं नाही. तुमच्या मैत्रिणीला विचारून बघा.

लेखकांच्या गटांतून जो नियम फिरतो, 'प्रोलॉग टाळा', तो मुळात फॅन्टसीवाल्यांचा नव्हेच. एल्मोर लेनर्ड या अमेरिकन गुन्हेकथाकाराने २००१ साली न्यू यॉर्क टाइम्समध्ये लेखनाचे दहा नियम सांगितले, त्यांतला हा दुसरा. त्याचं कारण साधं: प्रोलॉग म्हणजे मागची कथा, आणि मागची कथा पुस्तकात कुठेही टाकता येते. तिथल्या तिथे त्याने स्टाइनबेकच्या एका कादंबरीचा प्रोलॉग अपवाद म्हणून नोंदवलाही, पण नियम फिरला, अपवाद राहिला मागे. लेनर्डच्या वाचकाला पिस्तूल म्हणजे काय, बँक म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तुमच्या वाचकाला मात्र या जगात मेलेली माणसं उठतात की नाही हेही माहीत नसतं. म्हणून लेनर्डचं कारण मी अर्धंच घेतो. मागची कथा कुठेही टाकता येते हे खरं, पण 'हे जग कसलं आहे' ही जाणीव सुरुवातीलाच द्यावी लागते.

हे मला एका प्रयोगातून पटलं. खर्डा वाचायला देताना मी दोघांना प्रोलॉगसकट देतो, दोघांना प्रोलॉगशिवाय, आणि दुसऱ्याकडे वेगळी प्रत आहे हे कुणालाच सांगत नाही. पाचवं प्रकरण झालं की चहाला बोलावतो आणि विचारतो, सुरुवातीला काय झालं होतं? एका जाडजूड खर्ड्याच्या प्रोलॉगमध्ये दोन राजवंश, एक तह, तीन देवता आणि एक विश्वासघात होता. ज्यांनी तो वाचला होता त्या दोघांनाही यातलं धड काही सांगता येईना. दोघांच्याही लक्षात राहिलं होतं ते एकच: लढाई संपल्यावर एक घोडा तीन पायांवर उभा राहून कुणाची तरी वाट बघत होता. लेखकाला ते वाक्य आपण लिहिल्याचंही आठवत नव्हतं! ज्यांना प्रोलॉग दिला नव्हता त्यांची तक्रार वेगळीच निघाली. चौथ्या प्रकरणात झाड बोलायला लागलं तेव्हा ते वैतागले. तोपर्यंत ते ऐतिहासिक कादंबरी समजून वाचत होते, त्यामुळे त्यांना फसवल्यासारखं झालं.

दोन्ही बाजूंचं ऐकल्यावर प्रोलॉगचं काम काय ते बऱ्यापैकी कळतं. वाचक त्यातून पुढे नेतो एक चित्र, एक प्रश्न आणि या जगाच्या हवेचा वास. बाकीचं सामान दारातच राहतं.

हे काम नीट कसं करावं याचा नमुना जॉर्ज मार्टिनच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स' (१९९६) मध्ये आहे. पुस्तक भलंमोठं, घराणी ढीगभर, मागचा इतिहास हजारो वर्षांचा. आणि प्रोलॉगमध्ये काय आहे? तीन पहारेकरी, घोडे, बर्फाळ जंगल. थोरल्या घरचा एक तरुण अधिकारी, अंगावर महागडा फरचा झगा, आणि त्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं थंडीत घासलेली दोन माणसं. सिंहासनाचा इतिहास नाही की घराण्यांची वंशावळ नाही. परत फिरावं की पुढे जावं एवढ्यावरच वाद. त्या वादात गॅरेड नावाचा म्हातारा डोक्यावरची टोपी मागे सारतो आणि गारठ्याने झडून गेलेल्या कानांचे खुंट अधिकाऱ्याला दाखवतो. मग जंगलातून जे यायचं ते येतं.

पुढचं प्रकरण नवं, जागा नवी, माणसं नवी. सात वर्षांचा ब्रॅन पहिल्यांदाच वडिलांबरोबर एका पळपुट्याचा शिरच्छेद बघायला गेलाय. त्या पळपुट्याचं नाव कुणी सांगत नाही. फक्त एवढं दिसतं की त्याला दोन्ही कान नाहीत.

इथे वाचक सरसावून बसतो. तलवार उचलणाऱ्या बापाला जे माहीत नाही ते वाचकाला माहीत आहे: हा माणूस कशाला घाबरून पळालाय. उधारी घेतल्यावर दुसऱ्याच प्रकरणात पहिला हप्ता फेडला! बाकीची रक्कम मात्र अडकवून ठेवली. यानंतर पानोपानी शिकार, वारसा, दरबार, लग्नं, हेवेदावे चालतात आणि जादू जवळपास दिसत नाही, तरी हे निव्वळ राजकारणाचं पुस्तक आहे असं वाचकाला वाटत नाही, कारण ती थंडी त्याच्या पाठीत बसलेली असते. पुढे तर वाचकांनी हिशेबच मांडला: या मालिकेत प्रोलॉग ज्याच्या नजरेतून, तो माणूस बहुधा जिवंत राहत नाही. मग प्रत्येक खंडाचा प्रोलॉग लोक आधी वाचू लागले. प्रोलॉग गाळणाऱ्यांची जमात तिथे कुठे गेली कुणास ठाऊक.

रॉबर्ट जॉर्डनच्या 'द आय ऑफ द वर्ल्ड'चा (१९९०) प्रोलॉग तुमच्या प्रोलॉगला जास्त जवळचा, कारण तोही फार पूर्वीचा आहे, मूळ कथेच्या सुमारे तीन हजार वर्षं आधीचा. त्यातली निम्मी नावं पहिल्या वाचनात कळत नाहीत. पण पडक्या महालात एक वेडा झालेला माणूस बायकोला हाका मारत फिरतोय, आणि तिला आपणच मारलंय हे त्याला उमगलेलं नाही, एवढं कळायला कुठल्याच इतिहासाची गरज लागत नाही. तिथून पहिल्या प्रकरणात आपण येतो ते गावाकडच्या रस्त्यावर, गाडीबरोबर चालणाऱ्या बापलेकापाशी. याच मालिकेचे पुढचे प्रोलॉग मात्र इतके फुगले की काही तर पुस्तक यायच्या आधी ई-पुस्तक म्हणून वेगळे विकले गेले. चाहत्यांनी ते विकतही घेतले. तोवर त्यांच्या नजरेखालून हजारो पानं गेली होती, ओळख जुनी झाली होती. जुन्या गिऱ्हाइकाला वही चालते, नव्याला रोख. गंमत म्हणजे २००२ साली पहिल्याच पुस्तकाचा पहिला अर्धा भाग कुमार वाचकांसाठी वेगळा काढला, तेव्हा सुरुवातीला एक अगदी नवं प्रकरण घातलं गेलं, त्याच गावातल्या मुलांवरचं.

टोल्किननेही प्रोलॉग लिहिला, असा दाखला तुम्ही तुमच्या प्रश्नात दिलाय, तो मात्र तुमच्या बाजूने लागत नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या (१९५४) प्रोलॉगमध्ये हॉबिट लोकांच्या चालीरीती, तंबाखू, मुलखाची व्यवस्था असं सगळं आहे, आणि तिथेच पुस्तक मिटवून ठेवलेली माणसं मला भेटलेली आहेत. पण १९५४ च्या वाचकाच्या हातात त्याच लोकांवरचं टोल्किनचं आधीचं पुस्तक, 'द हॉबिट', १७ वर्षं होतं. त्याला त्या लोकांबद्दल आणखी ऐकायचंच होतं. तुमच्या नऊ खोऱ्यांबद्दल अजून कुणी ऐकलेलं नाही.

आपल्याकडे हा सगळा विचार फार आधी झालाय, ते आपल्याच लोकांना सांगावं लागतं. महाभारताच्या आदिपर्वातच म्हटलंय की कुणी भारत मनूपासून वाचतात, कुणी आस्तिकाच्या कथेपासून, तर कुणी उपरिचर राजापासून. म्हणजे पुस्तक नक्की कुठून सुरू होतं यावर तेव्हाच्या वाचकांतही एकमत नव्हतं आणि ग्रंथाने ते बिनतक्रार नोंदवून ठेवलं! नैमिषारण्यात कथा सांगणारा सौती येऊन बसतो तिथपासून कुरुवंशापर्यंत पोचायला आपल्याला केवढे तरी फेरे घ्यावे लागतात. पण ऐकणाऱ्याला मूळ कथा ठाऊक होती, त्याला घाई नव्हती. कारण टोल्किनचंच.

माझा आवडता प्रोलॉग मात्र शाकुंतलाचा. नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते. सूत्रधार त्यात असा बुडतो की आपण कुठलं नाटक करायला आलोय तेच विसरतो. नटी आठवण करून देते. तो म्हणतो, तुझ्या गाण्याने मला ओढून नेलं, जसं हरणाने या दुष्यंत राजाला. आणि तेवढ्यात हरणामागे रथ घेऊन राजा आलासुद्धा. रंगमंचावर हा सगळा काही मिनिटांचा खेळ. त्यात पुरुवंशाची वंशावळ नाही, दुर्वासाच्या शापाची पूर्वसूचना नाही. एक माणूस रंगून गेला आणि विसरला, दुसऱ्याने आठवण दिली, बस. पुढे अख्खं नाटक विसरण्यावर आणि आठवण्यावरच उभं आहे. प्रेक्षकाला वाटतं गाणं ऐकलं, आणि कालिदासाने तेवढ्यात बी पेरून ठेवलेलं असतं.

(आमच्या कोकणातल्या दशावतारातही मुख्य आख्यानाआधी पूर्वरंग असतो. त्यातल्या संकासुर या विनोदी पात्रासाठी मुद्दाम लवकर येऊन पुढची जागा धरणारे लोक मी बघितलेत. त्याच्या मालवणी गप्पांसाठी येतात ते. पुढच्या आख्यानाशी त्याचा संबंध काय, हे कुणी विचारत नाही. प्रोलॉग स्वतःच्या बळावर रंगला तर त्याला बाकी सगळं माफ असतं.)

हे सगळं परिस्थितीप्रमाणे बदलतं, तेही सांगायला हवं. तुमची एकच कादंबरी असेल तर एवढ्या लांबच्या इतिहासाला जागा कमी. पाच खंडांचा बेत असेल तर उधारी लांबवायला थोडी मुभा मिळते. श्राव्य पुस्तक करणार असाल तर नावं आणखी कमी करा, ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही. ई-पुस्तक काढलंत तर ते स्वतः उघडून तपासा: अशी पुस्तकं कधीकधी थेट पहिल्या प्रकरणापाशी उघडतात, मग वाचकाने प्रोलॉग गाळला असं म्हणण्यात अर्थ नाही, त्याला तो दिसलेलाच नसतो. फुकट नमुना म्हणून जातात ती सुरुवातीचीच पानं असतात, त्यात सगळं जुनं युद्ध गेलं तर तुमची नायिका, ती नावाड्याची मुलगी, नमुन्यात येणारच नाही. आणि छापील पुस्तकाचं बोलायचं तर १४ पानं म्हणजे जवळजवळ एक आख्खा सोळापानी फॉर्म, छपाईत एकत्र निघणारा सोळा पानांचा गठ्ठा. प्रकाशक कागदाच्या भावाने विचार करतो, तो हे आधी बघेल.

आता तुमची चार पानं. पहिल्या दोन पानांत मी मोजली तर ११ विशेषनामं आली, त्यातली पाच नद्यांची. दुसऱ्यांदा वाचतानाही मला दोन नद्या एकच वाटल्या. युद्धाचं वर्णन वाईट नाही, पण ते बखरीसारखं लांबून आहे, कुणाच्याच डोळ्यांनी बघितलेलं नाही. आणि मग १२व्या पानावर हे येतं: किल्ल्यावरचा पहारेकरी पहाटे विहिरीत घागर सोडतो. दोर पुरेपूर खाली जातो, पाण्याचा आवाज येतो, तो घागर ओढून घेतो. दोर ओला आहे. घागर कोरडी.

ताई, तुमचा प्रोलॉग इथे आहे. ही दोनेक पानं ठेवा, त्यांच्या आधीची सगळी उचला. फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्यातला इतिहास तुमच्या नायिकेला ज्या ज्या वेळी गरज पडेल त्या त्या वेळी कुणाच्या तरी तोंडून येऊ दे, तोही अर्धवट, दोन माणसांनी दोन तऱ्हांनी सांगितलेला. नऊ खोऱ्यांपैकी पहिल्या १०० पानांत तीन पुरतात. पहारेकऱ्याला नाव द्या, राजाला देऊ नका.

मग फेड. २२व्या प्रकरणातली उलटी नदी ही मोठी रक्कम, ती तिथेच राहू दे. पण एक हप्ता दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात जायला हवा. तुमच्या सारांशात आहे की नायिकेचा बाप रोज संध्याकाळी होडीचा दोर वाळत घालतो. तिसऱ्या प्रकरणात ती नदीतून पाण्याचा हंडा भरून आणते असंही आहे. हे दोन्ही तुम्ही लिहूनच ठेवलंय, फक्त एकमेकांशेजारी ठेवलेलं नाही. एका संध्याकाळी हंडा रिकामा निघू द्या आणि बापाला तो दिसू द्या. त्याने काही बोलायचं नाही. दोराकडे बघायचं. नायिकेला काही कळणार नाही, वाचकाला कळेल, आणि मग तो २२व्या प्रकरणापर्यंत तुमच्याबरोबर चालेल असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण मधली प्रकरणं मी वाचलेली नाहीत.

नवी प्रत झाली की ज्यांनी प्रोलॉग चाळला त्या तिघांना ती देऊ नका, त्यांना आता काय शोधायचं ते माहीत आहे. नवीन दोघं शोधा आणि वर शीर्षक फक्त 'विहिरीवर' एवढंच ठेवा.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या पहारेकऱ्याचं पुढे काय झालं? १३व्या पानाच्या शेवटी तो किल्लेदाराला उठवायला जिना चढतो आणि नंतर कुठेच दिसत नाही. मी दोनदा शोधला.